वाघीण आणि रडूबाई

९ सप्टेंबर

घरच्या माणसाच्या पेशी तू वाढवू नयेस, असं मॅडमचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मग कोण वाढवणार? आमच्या लॅबमध्ये या कामाला माझाच हात लागतो हे त्यांनाही ठाऊक आहे. शेवटी म्हणाल्या, "वाढव. पण लॅबच्या वहीत फक्त आकडे. रडारड घरी करायची." म्हणून ही डायरी.

तर आज ताई मायक्रोस्कोपखाली दिसली. जुलैमध्ये तिच्या दंडावरून कातडीचा नखाएवढा तुकडा काढला होता. त्यातल्या पेशींना औषधं घालून, मिनतवाऱ्या करून, पुन्हा मूळपेशी बनवलं. मूळपेशी म्हणजे पुढे कोण व्हायचं ते अजून न ठरवलेली पेशी. कातडी होईल, हृदय होईल, डोळाही होईल. आम्हाला डोळा हवाय. ताईच्या डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर झडत चाललाय. तिच्याच पेशींपासून नवा थर वाढवायचा आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी तो अलगद आत सरकवायचा, अशी योजना आहे. फार थोड्या लोकांवर करून पाहिलेली. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिलीय. त्यानंतर थर घालून उपयोग नाही, कारण त्याच्या आधारावर बघणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतील.

आठ-दहा कॉलन्या, म्हणजे पेशींचे पुंजके, उगवल्यात. गुळगुळीत कडा, मधे चकाकी. घरी येऊन ताईला म्हटलं, "आज तू फार सुंदर दिसत होतीस."

"कुठे भेटले मी तुला?" ती म्हणाली.

१८ सप्टेंबर

बाकीच्या कॉलन्यांनी माना टाकल्या. तीन नंबर आणि सात नंबर तेवढ्या उरल्या. तीन नंबरचं नाव मी रडूबाई ठेवलंय. दर आठवड्याला पेशी एकमेकींपासून सोडवून नव्या डिशमध्ये घालाव्या लागतात, त्याला आम्ही वाटणी म्हणतो. एकटी पडली की मूळपेशी जीव सोडते, म्हणून वाटणीच्या दिवशी धीराचं औषध घालतात. रडूबाई औषध घालूनही मरते. सकाळी बघावं तर निम्मी डिश मेलेल्या पेशींनी भरलेली. ताईच त्या, म्हणून मला भरून आलं. लॅबमध्ये रडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून थंड खोलीत जाऊन रडले.

सात नंबर मात्र वाघीण आहे.

आमच्या लॅबचं शेंडेफळ, म्हणजे नुकतीच लागलेली पोरगी, म्हणाली, "दीदी, तुमचा हात बघून शिकते मी." मग मी तिला दाखवलं. प्रत्येक वाटणीला डिश पुरती न्याहाळायची, सगळ्यात तजेलदार, भराभर वाढणारे तुकडे काचेच्या बारीक टोकाने उचलायचे आणि तेवढेच पुढे न्यायचे. बाकीचे टाकून द्यायचे. हे डोळ्यांना कळतं, पुस्तकातून येत नाही. थोडा भाव खाल्ला मी, खरं सांगायचं तर.

२९ सप्टेंबर, रविवार

ताईने आज विचारलं, "पण मरतात का गं माझ्या पेशी? मी काय घोडं मारलंय त्यांचं?"

तिला पी-५३ समजावून सांगितलं. प्रत्येक पेशीत असणारं हे एक जनुक. पेशी दुभागायच्या आधी ते तिला थांबवतं आणि तपासतं. आत कुठे मोडतोड झाली असेल तर म्हणतं, आधी नीट कर, मग पुढे जा. नीट होण्यासारखी नसेल तर म्हणतं, तू आता मर. मूळपेशींच्या बाबतीत ते फारच कडक असतं, कारण एका मूळपेशीतून अख्खी फौज निघते आणि चूक असली तर ती सगळ्या फौजेत जाते. हे जनुक बिघडलं की पेशी मोडकी असूनही पळत सुटते. कॅन्सरच्या गाठी तपासल्या तर निम्म्याच्या आसपास गाठींत हेच बिघडलेलं सापडतं.

"म्हणजे चांगलंच आहे की ते," ताई म्हणाली.

"शरीरात चांगलं. डिशमध्ये नुसता ताप. जरा कुठे खुट्ट झालं की पेशींना मारून मोकळं."

"तू त्याला नावं ठेवू नकोस."

ताईला असली माणसं आवडतातच. ती स्वतः तशीच. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई एकवीसची. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला तिचं "थांब जरा" ठरलेलं. बाविसाव्या वर्षी मला एकाशी लग्न करायचं होतं. त्याचे डोळे फार सुंदर होते. ताई म्हणाली, सहा महिने थांब, मग मीच लावून देते. त्याला तीन महिनेही दम धरवला नाही. मी वर्षभर ताईशी धड बोलले नव्हते. ती तरी रोज डबा भरून देत होती.

शिवणाला बसायच्या आधी ती आता माझ्याकडून आठ-दहा सुया ओवून घेते आणि टाचणीच्या उशीत टोचून ठेवते. म्हणते, दिवसभर ओवत बसण्यात वेळ जातो. बाईंना एकदम कामाची घाई सुचलीय.

२१ ऑक्टोबर

वाघीण काय वाढतेय! तीन डिशांच्या बारा झाल्या. पहिल्या खेपेची जनुकांची तपासणी होऊन आली, सगळं स्वच्छ. मॅडम कधी नव्हे ते पाठीवर थाप मारून गेल्या. रडूबाईच्या थोड्या नळ्या गोठवून ठेवल्या आणि उरलेली एक डिश शेंडेफळाला शिकायला देऊन टाकली.

ताईला रोज संध्याकाळी वाघिणीची बातमी लागते. आज म्हणाली, "माझ्या कातडीतून निघून इतकी बेधडक? दवाखान्यात बदलून तर नाही ना आली?" आम्ही खूप हसलो.

ताईने टीव्हीवरच्या मालिका सोडल्या. आता फक्त बातम्या ऐकते. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणतात ते हेच असावं.

१४ नोव्हेंबर

आज माझ्या हातून घोडचूक झाली आणि देवाने झाकली. कालच्या वाटणीला वाघिणीच्या डिशांत धीराचं औषध घालायचंच विसरले. आज सकाळी औषधाची नवी बाटली न उघडलेली दिसली. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणून देवाचं नाव घेत डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर एकही मेलेली नाही. सगळ्या जणी जागच्या जागी चिकटलेल्या, वर पसरायलाही लागलेल्या!

मी शेंडेफळाला मिठीच मारली. ती बघत राहिली. "औषधाशिवाय? एवढं कसं चांगलं असेल, दीदी?"

"हाताचा गुण," मी म्हटलं.

तिने डिश पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवली. हल्लीच्या मुलांना आनंद करता येत नाही.

२ डिसेंबर

आजपासून वाघिणीला डोळा बनवायला घेतलं. आता वाढवायचं नाही, घडवायचं. रोज वेगळं औषध, ठरल्या क्रमाने. दोन-अडीच महिन्यांत डिशमध्ये काळे ठिपके दिसायला लागतील, ठिपके जुळून काळी चादर होईल, तीच ताईच्या डोळ्यात जाईल. मार्च अखेरीची तारीख डॉक्टरांनी धरून ठेवलीय.

स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला एक रबर आणि साखरेच्या बरणीला दोन. आवरसावर करण्याचं नवीन खूळ. मोजेही सगळे एकाच रंगाचे आणलेत.

२० जानेवारी

अजून काळं काही दिसत नाही. कडेला थोडं राखाडी. मधे मधे वाघिणीचे झुबके तसेच्या तसे, गुळगुळीत कडांचे, दुभागत बसलेले. बाई गं, मोठी हो आता. कोण व्हायचं ते ठरव.

औषधाची खेप खराब असणार. नवी मागवली.

३ फेब्रुवारी

शेंडेफळ दुपारी एक डिश घेऊन माझ्या टेबलाशी आली. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. डिशच्या तळाला शाई सांडावी तसा काळा डाग. मी विचारलं, कोणाची? म्हणाली, "रडूबाई. तुम्ही दिली होतीत ना शिकायला. मी तुमच्यामागून त्याच औषधांनी करत होते."

त्याच औषधांनी. म्हणजे खेप खराब नव्हती.

मग ती हळूच म्हणाली, "दीदी, वाघीण पुन्हा एकदा तपासणीला पाठवू या का? मरत नाही, मोठीही होत नाही. पी-५३ तर नसेल ना गेलं?"

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, तपासणी झालीय, कागद फायलीत आहे, तू जन्माला यायच्या आधीपासून मी हे करतेय. यातलं शेवटचं तर धादांत खोटं. ती जेमतेम तेवीस वर्षांची, पण मीही काही तेवीस वर्षं हे काम करत नाहीये. ती डिश घेऊन गेली. जाताना तिने माझा चहाचा रिकामा कप उचलून नेला, त्यामुळे मला जास्तच लागलं.

५ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं. ती म्हणाली ते मला नोव्हेंबरमध्येच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

पण तपासणीला पाठवून जर वाईट निघालं तर? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रडूबाईची ती एक छोटी डिश उपयोगाची नाही, शिकाऊ हाताने साध्या डिशमध्ये केलेली. गोठवलेली नळी उघडायची, वाढवायची, घडवायची. उन्हाळा सरून जाईल. आणि नाही पाठवलं तर? नियमाप्रमाणे जनुकांची तपासणी एकदाच, ती झालीय. शेवटी गुणसूत्रं मोजतात, पण इतका बारीक बिघाड त्यात दिसेलच असं नाही. ते झुबके मी हाताने वेचून काढेन. राखाडी आहे ते काळं होईल. सगळ्याच पेशी बिघडलेल्या असतील असंही नाही. आणि बिघडलेली पेशी डोळ्यात गेली म्हणून लगेच गाठ होतेच असंही नाही.

चार वेळा वाचलं हे. चारही वेळा पटलं. म्हणूनच भीती वाटतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ताईच्या डोळ्यांत थेंब घातले. डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या बाटल्या दिल्यात, एक सकाळची, एक दुपारची, दिसायला सारख्या. ताई पलंगावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी म्हटलं, थांब, बाटली बघते. ती म्हणाली, "तू बघितलीस की झालं." आणि डोळे सताड उघडे धरले. पापणीसुद्धा हलवली नाही.

केस किती विरळ झालेत तिचे. लहानपणी मी तिच्या मांडीवर अशीच पडायचे आणि ती माझ्या डोळ्यातलं कुसळ काढायची. तेव्हा मी मात्र आरडाओरडा करायचे.

थेंब घातल्यावर मी म्हटलं, "ताई, तुला भीती वाटते का गं त्या ऑपरेशनची?"

"छे. माझ्याच तर पेशी. आणि तुझ्या हातच्या."

मी बाटलीचं झाकण लावलं. उद्या सकाळी पहिलं काम, नमुना पाठवायचा.

१० फेब्रुवारी

पाठवला. मॅडमना सांगितलं. शेंडेफळाची माफी मागितली. ती म्हणाली, "अहो दीदी, असू दे." आणि नाक लाल करून माझ्याआधी थंड खोलीत शिरली.

२४ फेब्रुवारी

दर दहांतल्या सात पेशींत पी-५३ मोडलेलं.

पहिल्या खेपेची गोठवलेली नळी या वेळी खोलात जाऊन तपासली, तर तिथेही चिमूटभर बिघडलेल्या होत्याच. तेव्हाच्या तपासणीला इतक्या थोड्या दिसल्या नव्हत्या. चिमटीच्या दहांत सात कशा झाल्या? मी केल्या. दर वाटणीला न मरणाऱ्या, पळणाऱ्या, तजेलदार दिसणाऱ्या मीच उचलल्या. ज्या थबकत होत्या, तपासून घेत होत्या, त्या मीच टाकून दिल्या. कोणी चुकून नव्हे, नावाजलेल्या हाताने.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सगळ्यांच्याच डिशमध्ये होऊ शकतं हे. म्हणून तर सांगत होते, घरच्या माणसाचं काम करू नये. घाई होते." मग म्हणाल्या, "एक नळी ठेव, अभ्यासाला. बाकीचं नष्ट कर."

डॉक्टरांना फोन केला. उजवा डोळा आता धरू नका, असं ते म्हणाले. डावा थोडा मागे आहे, दिवाळीपर्यंत टिकला तर बघू. 'टिकला तर' असंच म्हणाले.

संध्याकाळी वाघिणीच्या डिशांत ब्लीच ओतलं. ताईच ती, तिच्याच दंडातली. काय चूक तिची, तिला थांबवणारं कोणी उरलं नव्हतं. ओतताना शेंडेफळाने बाटलीखाली स्वतःचा हात धरला.

२५ फेब्रुवारी

काल सांगायची हिंमत झाली नाही. आज सकाळी ताई खिडकीशी पडद्याचं कापड घेऊन बसली होती. हल्ली ती पडदेच शिवते, सरळ शिलाईचे. काज-बटणांचा कंटाळा आला म्हणते. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. पी-५३, विसरलेलं औषध, शेंडेफळावर खेकसले ते, पाठवावं की नाही यात घालवलेला आठवडाही. उजव्या डोळ्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

ताईने कापडाची घडी घातली.

"उजव्याने मला मागच्या वर्षापासूनच दिसत नाही, चिमणे. मधे काळं, कडेने थोडं."

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरांना अक्षरं वाचून दाखवायचीस ती?"

"पाठ करायचे. आधीचा माणूस वाचायचा ते बाहेर ऐकू यायचं."

"पण का?"

"तू घाई केली असतीस."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एकेचाळीस वर्षांची बाई. ती केसांवरून हात फिरवत राहिली, बोटांनी कान, कपाळ चाचपत राहिली. मला वाटलं लाड करतेय. करतही होती. पण ते तिचं बघणंही होतं, हे आज कळलं. मिठाच्या बरणीचं रबर, एका रंगाचे मोजे, बातम्या, पडदे. मी रोज लाखो पेशी न्याहाळते आणि घरात मला एक माणूस दिसलं नाही.

ताईनेच विचारलं, "ती दुसरी आहे ना अजून? रडूबाई?"

"गोठवलेली आहे. पण ती फार हळू आहे गं. वाटणीला निम्म्या मरतात. डावा डोळा तोवर राहील की नाही…"

"मरू देत. ज्या राहतील त्यांचं बघ. मी थांबते."

मग तिने उशी माझ्या हातात दिली, सुया टोचायची. "ओवून दे. मला दिसत नाहीये," ती म्हणाली. घाईचं कारण आज दिलं नाही. मी सगळ्या सुया ओवल्या. दोऱ्याला माझ्याच डोळ्यातलं पाणी लागत होतं, त्यामुळे टोक छान जुळत होतं.

१० मार्च

रडूबाईची नळी बाहेर काढली. खोल तपासणीत ती निर्मळ निघालीय. या वेळी उचलायचं काम मी एकटी करत नाही. शेंडेफळ आणि मी आळीपाळीने उचलतो, आणि नुसते देखणे तुकडे नाही, सगळ्या प्रकारचे थोडे थोडे. दर महिन्याला नमुना तपासणीला जाईल. मॅडमनी तसा सगळ्या लॅबला नियमच केलाय. शेंडेफळ त्याला माझ्या नावाचा नियम म्हणते. म्हणू दे.

काल आमची पहिली वाटणी झाली. औषध घातलं, दोघींनी दोनदा बघून. आज सकाळी लवकर आले. शेंडेफळ आधीच येऊन बसली होती, पण मी येईपर्यंत तिने डिशला हात लावला नव्हता.

बघितलं. निम्म्याहून जास्त मेल्या होत्या. पाण्यावर नुसता कचरा तरंगत होता. मी डिश हळूच फिरवली. एका कडेला पाच-सहा जणी एकमेकींना धरून बसल्या होत्या, अंग आक्रसून, वाढायची काही घाई नसलेल्या.

मला इतका आनंद झाला की कोणाला सांगू असं झालं. जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, मेल्या गं! पुष्कळ मेल्या!"

"आणि राहिल्यात किती?"

"थोड्याच. कोपऱ्यात बसल्यात. हलायचं नाव नाही."

पलीकडून शिवणाच्या मशीनचा आवाज थांबला.

"मग माझ्याच आहेत," ताई म्हणाली.